फॉर्तुनाचा शिरच्छेद झालाच नव्हता

रोमच्या सेंत्राले मोंतेमार्तिनी संग्रहालयात फॉर्तुना या भाग्यदेवतेचे संगमरवरी मस्तक आहे. नुसते मस्तकच सुमारे दीड मीटर उंच. सोबत हात आणि पावले आहेत, धड मात्र नाही. या मस्तकाचे छायाचित्र कोणी टाकले की त्याखाली ठरलेला निवाडा येतोच : मूर्तिभंजकांनी देवीचा शिरच्छेद केला! कोणी ‘रानटी टोळ्यां’ना दोषी ठरवतो, कोणी ख्रिस्ती धर्मवेड्यांना. पुरावा कोणीच मागत नाही.

मित्रहो, हे मस्तक मुळातच सुटे घडवलेले आहे. देवीचे उघडे अवयव संगमरवराचे आणि वस्त्रे ब्राँझची, अशी ती जोडमूर्ती होती. अशा मूर्तीला ‘ॲक्रोलिथ’ म्हणतात. जे धड संगमरवराचे कधी नव्हतेच, त्यापासून संगमरवरी मस्तक तोडले कोणी?

इ.स.पू. १०१ मध्ये व्हेर्सेलीच्या रणांगणावर किम्ब्री लोकांशी लढताना सेनापती कातुलुसाने ‘आजच्या दिवसाच्या भाग्यदेवते’ला नवस केला. (विजयाच्या श्रेयाचा मोठा वाटा मारियुसाने नेला, कातुलुसाने नवस मात्र फेडला.) आजच्या लार्गो अर्जेंतिना चौकातील वर्तुळाकार मंदिर ते हेच. मूर्तीचे हे अवयव त्याच परिसरात १९२०च्या दशकातील उत्खननात सापडले.

मग ब्राँझ कुठे गेले? ब्राँझ वितळते, विकले जाते. त्यासाठी धर्मद्वेषाची गरज लागत नाही. संगमरवर भाजला की चुना होतो. याच चौकातील दुसऱ्या मंदिरावर मध्ययुगात उभ्या राहिलेल्या चर्चचे एक नाव ‘सान निकोला दे काल्कारारियो’, म्हणजे चुनाभट्ट्यांजवळचे! रोमच्या मूर्ती भाजून चुना केला जात आहे, अशी तक्रार राफाएलनेच पोप दहाव्या लिओला लिहिलेल्या पत्रात आहे. भट्ट्या रोमच्या, घरे रोमची आणि तक्रार करणाराही रोममध्येच राहणारा.

मूर्तिभंजन झालेच नाही, असे मी म्हणत नाही. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात अफ्रोदितीचे एक मस्तक आहे. त्याच्या कपाळावर क्रूस कोरलेला आहे. तिथे पुरावा दगडावरच आहे, तिथे खुशाल आरोप करा. परंतु फॉर्तुनाच्या कपाळी जो क्रूस नाही, तो तुम्ही का कोरता?