व्यसनमुक्तीची गोळी, यकृत आणि साखर



काढणीच्या हंगामात आपल्याकडे पंजाबातून हार्वेस्टर येतात. त्या मंडळींच्या तोंडून भुक्कीचे नाव काहींनी ऐकले असेल. अफूच्या बोंडाचा चीक काढून घेतला की वाळलेल्या टरफलांचा जो भुगा उरतो, ती भुक्की. थकवा जाणवू नये म्हणून माणूस ती घेतो, आणि पुढे सुटता सुटत नाही.

पंजाब सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये अफू-हेरॉइनच्या व्यसनासाठी बाह्यरुग्ण केंद्रे काढली. तेथे बुप्रेनॉर्फिन व नॅलॉक्सोन यांची एकत्र गोळी देतात. ती जिभेखाली विरघळवायची असते. गिळली, तर यकृत बहुतेक औषध रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकते.

"ही गोळी लिव्हर खाते, बंद कर," असे घरचीच माणसे सांगतात. मी पिकांचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण रोप पिवळे पडले की शेवटच्या फवारणीला दोष देणारे शेतकरी मी रोज पाहतो. मूळ आधीच कुजलेले असते! येथेही तसेच आहे. यकृत बिघडते ते बहुधा एकमेकांची सुई वापरल्याने होणाऱ्या 'क' प्रकारच्या काविळीने, नाहीतर दारूने. अमेरिकेत सातशेवर रुग्णांना सहा महिने ही गोळी किंवा मेथाडोन देऊन पाहिले. २०१३ साली निष्कर्ष आला, की दोन्हींपैकी कशानेही यकृताला इजा झाल्याचा पुरावा नाही. मात्र आधीच कावीळ असलेल्याचे यकृत या औषधांनी कधी कधी बिघडू शकते. म्हणून सुरुवातीला व नंतर अधूनमधून रक्त तपासून घ्यावे. 'क' काविळीवर गोळ्यांचा कोर्स बहुधा बारा आठवड्यांचा असतो. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो.

आता साखर. मेथाडोनचा डोस भराभर वाढवला, तर रक्तातली साखर एकदम उतरल्याची उदाहरणे आहेत. ट्रॅमाडोल या वेदनाशामक गोळीनेही तसे होते, आणि तिचेही व्यसन लागते. घाम, थरथर, घाबरणे ही साखर उतरल्याची लक्षणे. नशा न मिळाल्यावरही हेच होते. घरच्यांची फसगत होते ती येथेच. मधुमेही रुग्ण असेल तर आधी साखर मोजा. शुद्धीवर असेल तरच साखरपाणी पाजा; बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. उलट मेथाडोनवर अनेकांना गोड खाण्याची ओढ लागते, वजन वाढते. त्याकडेही लक्ष हवे.

गोळीबरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेऊ देऊ नका, श्वास बंद पडतो. आणि गोळी आपल्या मनाने तोडू नका. तोडलेला माणूस पुन्हा नशेकडे वळतो, जुन्याच मापाने घेतो, आणि शरीराची ती सवय गेलेली असल्याने दगावतो. डोस कमी करायचा असेल तर डॉक्टर हळूहळू करतील. जवळचे केंद्र कोठे आहे, हे १४४४६ या फुकट क्रमांकावर विचारता येते.