ऐकू न येणारा वादक

आमच्या घरात दिवाळीच्या पंधरा दिवस आधीच फटाके उडू लागले आहेत, असा शेजाऱ्यांचा समज झाला होता. तो दूर करण्याचे धैर्य मला झाले नाही. खरी गोष्ट अशी की, आमचे चिरंजीव आणि त्यांचे तीन मित्र मागच्या खोलीत ‘हेवी मेटल’ नावाचे संगीत ध्वनिमुद्रित करीत होते.

गाणे मराठीत होते, म्हणून मला शब्द तपासायला बोलावणे आले. मराठीच्या प्राध्यापकाला एवढा मान घरात क्वचितच मिळतो. मी ऐटीत जाऊन बसलो, ऐकले, आणि एकही शब्द कळला नाही!

“ऱ्हस्व-दीर्घ मागाहून पाहू,” मी म्हटले, “आधी शब्द तर सापडू द्या.”

झाले! गायक म्हणाला, “माझा आवाज वाढव.” तो वाढताच चिरंजीवांची गिटार दबली, म्हणून गिटार वाढली. मग ड्रमवाल्याला आपले ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाटू लागले. तिसऱ्या फेरीत संगणकावरचा काटा शून्याची रेघ ओलांडून लाल झाला आणि आवाज चरचरून फाटला. मला आमच्या विभागाच्या बैठकीची आठवण झाली.

चौथा मुलगा, बेस गिटारवाला, कोपऱ्यात गप्प होता.

“तुझे काय रे?”

“असू द्या काका. बेस कुणाला ऐकू येतो?”

हे त्याने इतक्या सहज म्हटले, की मला चैन पडेना. रविवारी तो नोकरीसाठी चेन्नईला जाणार होता. चौघांचे हे शेवटचे गाणे, आणि त्यात हा नाहीच!

रात्री चिरंजीवांनी मला एक हकीकत सांगितली. मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा बेसवादक क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८ साली त्यांची ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. ती गाजली, पण तिच्यात न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. इतकी वर्षे लोटली तरी रसिक ते विसरलेले नाहीत.

“मग तुम्ही तेच करता आहात की!” मी म्हणालो. चिरंजीव काही बोलले नाहीत. पण सकाळी त्यांनी सगळ्या वाद्यांचे आवाज तळाला नेले आणि नव्याने मांडणी सुरू केली. आधी ड्रम, मग बेस, मग गिटार, शेवटी गायक.

त्या दिवशी मला कळले की, भांडण आवाजाचे नसते, जागेचे असते. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, गिटारची ८२ वेळा. पण गिटारच्या आवाजात खाली जो घुमारा साचतो, तो बेसच्याच दारात ठाण मांडून बसतो. तो सुमारे १०० कंपनांच्या खाली छाटला. गिटार दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवली होती. तिची घरघरही उतरवली, कारण दोन घरघरी मिळून नुसता चिखल होतो.

“एकटी ऐकली तर गिटार बारीक वाटतेय, बाबा,” चिरंजीव कुरकुरले.

“एकटी ऐकणार कोण आहे?”

मोठ्या ड्रमचा धमाका तळाशी, बेसच्या शेजारी राहिला. त्याच्या ठोक्याची टकटक मात्र वर चार हजारांच्या आसपास उचलली. दोन ते चार हजारांच्या दरम्यान गिटार किंचित मागे सरली, कारण आपली व्यंजने उमटतात ती बरीचशी तिथेच. व्यंजनांवरचा हा उपकार मी व्यक्तिशः नोंदवून ठेवला आहे.

मग आवाज अगदी लहान करून ऐकायचे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिले की, लहान आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी जाणवतात. मोठ्याने लावले की सारेच भारदस्त वाटते आणि चुका झाकतात. शिवाय आमच्या खोलीच्या कोपऱ्यांत बेस साचतो, म्हणून स्वयंपाकघरातही परीक्षा झाली. फोनच्या चिमुकल्या कर्ण्यातून खालचे सूर निघतच नाहीत. त्यासाठी बेसलाच थोडी घरघर दिली, म्हणजे त्याचे वरचे स्वर तरी पोचावेत.

शेवटी चिरंजीवांनी गंमत म्हणून बेस क्षणभर बंद केला. गिटारचाच दम गेला! तंबोरा थांबल्यावर गवई उघडा पडावा, तसे झाले. कोपऱ्यातला मुलगा खुर्ची पुढे ओढून बसला.

रविवारी तो आईला घेऊन निरोप घ्यायला आला. फोनवर गाणे लावले.

“यात तू कुठे रे?” आईने विचारले.

तो मेजावर बोटाने वाजवू लागला. ती माउली मान कलती करून ऐकत राहिली. थोड्या वेळाने तिचेही बोट हलू लागले.

“अगंबाई, हा होय!” ती म्हणाली.

शब्द मात्र मला अजून तीनच कळले आहेत.