वॉचमनची जुनी यादी

समजा, तुमच्या सोसायटीत नवी डी विंग झाली. लोक राहायलाही आले. पण गेटवरच्या वॉचमनकडे यादी जुनीच : ‘डी विंग रिकामी. तिथला म्हणून कोणी आला तर सोडू नका.’ आता त्या माणसाने लाइट बिल दाखवलं तरी उपयोग नाही. इंटरनेटवर नेमकं हेच घडत आलंय, आणि ‘तांत्रिक अडचण’ म्हणून ते सोडून देणं मला मान्य नाही.

आयपीव्ही४ चे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, त्यांचे २५६ मोठे गट. हे गट ‘आयाना’ वेगवेगळ्या खंडांतल्या संस्थांना द्यायची. जो गट अजून कुणालाच दिलेला नाही, तिथून आलेला ट्रॅफिक बनावटच असणार, म्हणून नेटवर्कवाले तो अडवू लागले. अशा पत्त्यांना ‘बोगॉन’ म्हणतात. इथवर शहाणपणच होतं. पण अनेकांनी ही यादी राउटरमध्ये हाताने टाकली आणि ते विसरून गेले.

२००२ मध्ये ६९ ने सुरू होणारा गट उत्तर अमेरिकेत वाटायला निघाला. ज्यांना ते पत्ते मिळाले, त्यांना कित्येक साइट उघडेनात. २०१० मध्ये १ ने सुरू होणारा गट आशिया-पॅसिफिकला, म्हणजे आपल्या विभागाला मिळाला; तोवर जगभरच्या लोकांनी तो ‘कुणाचाच नाही’ समजून परस्पर वापरात घेतला होता. २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरने १.१.१.१ ही सेवा सुरू केली, तेव्हाही काही ठिकाणांहून ती पोचेना. कारण तेच.

यात मार कोण खातं? ज्याला पत्ते आधीच मिळाले, तो नाही. उशिरा आलेला खातो : नवा छोटा इंटरनेटवाला आणि त्याचे ग्राहक. त्यांच्या बाजूला काहीच बिघडलेलं नसतं. तक्रारीचा मेल पाठवावा, तर तोही त्याच फिल्टरमध्ये अडकू शकतो. अडवणाऱ्याला वाटतं, तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक.

‘सुरक्षेत तडजोड नको,’ असं उत्तर मिळतं. कसली सुरक्षा? खोटा पत्ता लावणारा वापरातला पत्ताही लावू शकतो. शिवाय ३ फेब्रुवारी २०११ ला आयानाने शेवटचे पाच गट वाटून टाकले. न दिलेला मोठा गट उरलाच नाही. खासगी वापरासाठी किंवा कायमचे राखून ठेवलेले पत्ते जरूर अडवा. पण त्या तारखेआधीची यादी आज चालवणं हा निव्वळ आळस आहे.

तुमच्यापैकी कुणीतरी उद्या एखाद्या कॉलेजचं, बँकेचं नेटवर्क सांभाळेल. यादी आपोआप अपडेट होणारी घ्या. ते जमत नसेल, तर प्रत्येक नियमापुढे तो कुणी आणि का लिहिला आणि पुन्हा कधी तपासायचा, एवढं टाका. तेही होणार नसेल, तर तो फिल्टर लावूच नका.