किती आले, यापेक्षा किती वेळा काढले

‘बाळ पेटीत आहे, सून घरी आली आहे. पंप लावला तर बाटलीच्या तळाशी जेमतेम चमचाभर दूध दिसते. डॉक्टर, हिला दूधच नाही का?’ हा प्रश्न मला बहुधा बाळाची आई विचारत नाही. आजी विचारते, आणि तोही सुनेच्या किंवा लेकीच्या देखत. म्हणून आजचे लेखन विशेषतः आजी-आजोबांसाठी आहे. बाळंतिणीला दूध पुरेसे येईल की नाही, हे पहिल्या दोन आठवड्यांत बरेचसे ठरते, आणि त्या दोन आठवड्यांत घराची सूत्रे आपल्या हाती असतात.

दूध तयार होण्याचा नियम अगदी सरळ आहे. स्तन जितक्या वेळा रिकामे होतील, तितके दूध अधिक बनते. ते भरलेले राहिले, तर दूध बनण्याची गती मंदावते. ‘थोडे साठू दे, मग एकदम काढू’ हा विचार विहिरीला लागू पडेल, आईच्या दुधाला नाही. चार-पाच तास थांबून एका वेळी भांडेभर दूध मिळाल्याचे समाधान एखादा दिवस टिकते. आठवड्याभरात मात्र एकूण दूधच घटलेले दिसते.

चौतिसाव्या आठवड्यापूर्वी जन्मलेल्या बाळांना चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ सहसा साधत नाही. अशा बाळाच्या आईने प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या एक-दोन तासांत, आणि तिची प्रकृती तशी नसेल तर निदान सहा तासांच्या आत दूध काढण्यास आरंभ करावा. पुढे चोवीस तासांत आठ ते दहा वेळा. याचा अर्थ घड्याळ लावून दर तीन तासांनीच असा नाही; दिवसा दोन-दोन तासांनी काढून रात्री थोडे अंतर ठेवले तरी चालते. मात्र सलग पाच तासांहून अधिक खंड पडू देऊ नये, आणि रात्रीची एक वेळ कधीही चुकवू नये. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक प्रमाणात स्रवते. ‘दमली आहे पोर, झोपू दे सकाळपर्यंत’ ही माया मी समजू शकतो. तिला दुपारी झोपू द्यावे, आणि रात्री दोन वाजता आपण उठून पंप धुऊन तिच्या हाती द्यावा.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. तो थेंबाथेंबानेच येतो, आणि बाळाची गरजही तेवढीच असते. चीक दाट असल्यामुळे पंपाच्या नळीलाच चिकटून बसतो. म्हणून आरंभी हाताने पिळून स्वच्छ वाटीत घेणे उत्तम. अंगठा आणि तर्जनी काळ्या वर्तुळाच्या कडेशी ठेवून आधी छातीच्या दिशेने दाबावे, मग बोटे एकमेकांजवळ आणावीत. बोटे कातडीवर घासू नयेत, स्तनाग्र ओढू नये. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध भरून येते. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास थोडा विलंब होऊ शकतो. त्यानंतर पंप वापरावा, एका वेळी पंधरा ते वीस मिनिटे. दुखत असेल, तर पंपाचा जोर कमी करावा. जोर वाढवल्याने दूध वाढत नाही.

आता बाटलीकडे पाहण्याविषयी. दूध बाहेर सोडणारे ऑक्सिटोसिन हे दुसरे संप्रेरक चिंतेने, वेदनेने आणि संकोचाने अडते. समोर बसून कोणी ‘किती झाले?’ असे विचारत राहिले, तर स्तनात असलेले दूधही उतरत नाही. त्याऐवजी ऊबदार फडक्याचा शेक, पाठीला हलका हात, बाळाचे छायाचित्र किंवा त्याचे दुपटे जवळ असणे यांचा खरा उपयोग होतो. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर करावेत, बाळंतिणीला पोषण हवेच. पण लाडू खाऊन दूध काढण्याच्या दोन वेळा चुकवल्या, तर लाडवांचा इलाज चालत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाळ पूर्ण दिवसांचे आहे, अंगावर नीट पिते आहे, पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी करते आहे, दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून आले आहे, तर पंपाची गरजच नाही. शेजारच्या घरात यंत्र आणले म्हणून आपणही आणावे, असे नव्हे. उगाच काढत राहिल्यास दूध गरजेपेक्षा जास्त बनते, गाठी होतात, प्रसंगी स्तनदाहही होतो. गच्च भरून दुखत असेल, तर आराम पडेल इतकेच काढावे.

आईला कामावर परतायचे असल्यास दोन-तीन आठवडे आधी, सकाळच्या पाजण्यानंतर दिवसातून एकदा काढण्याची सवय करावी. कामावर असताना साधारण दर तीन तासांनी काढावे. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत स्तनपानासाठी रोज दोन सुट्या मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते.

काढलेले दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकते; आपल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे किंवा लगेच शीतकपाटात ठेवावे. तेथे ते चार दिवस चालते, मात्र दारातल्या कप्प्यात नको, आत मागच्या बाजूस. प्रत्येक भांड्यावर तारीख आणि वेळ लिहावी. साय वर आली म्हणजे दूध नासले असे नाही; हलकेच फिरवले की ते एकजीव होते. देताना भांडे कोमट पाण्यात ठेवावे. दूध उकळू नये, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. वाटी-चमच्याने पाजावे आणि उष्टे उरलेले दोन तासांनंतर टाकून द्यावे. रुग्णालयातील बाळासाठी मात्र तेथील परिचारिका सांगतील तोच नियम पाळावा.

इतके करूनही दूध अपुरे पडले, तर आपल्याच मनाने डबा आणू नका, बालरोगतज्ज्ञांना विचारा. काही मोठ्या रुग्णालयांत मानवी दुग्धपेढी असते. आशियातील पहिली अशी पेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 मध्ये सुरू झाली. आणि बाळंतिणीला थंडी वाजून ताप आला, स्तनावर लाल, कठीण, दुखरा भाग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. तोवर दूध काढणे थांबवू नये. थांबवल्याने दुखणे वाढते.