पोटाचा टीबी बेडक्यात सापडत नाही



हा अंक खरं तर वनहक्काच्या अपिलांवर काढायचा होता. पण पावसाळ्यापासून पाड्यापाड्याच्या बैठकीत एकच गोष्ट कानावर येते. अमक्याचं पोट दुखतं, अन्न जात नाही, संध्याकाळी अंग तापतं, माणूस वाळत चालला. बेडका तपासला तर 'टीबी नाही' असं आलं. मग कोणी म्हणतं पित्त, कोणी म्हणतं जंत, कोणी म्हणतं बाहेरचं आहे. म्हणून अपिलं पुढच्या अंकात. आधी हे.

टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. पण हा रोग छाती सोडून दुसरीकडेही घर करतो. गळ्याच्या गाठीत करतो, मणक्यात करतो, पोटातही करतो. पोटात त्याची आवडती जागा म्हणजे लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं ती, बेंबीच्या खाली उजव्या बाजूला. छातीचा टीबी असलेल्याने बेडका गिळला तर त्यातून जंतू आतड्यात उतरतो. बाधित जनावराचं कच्चं दूध प्यायल्यानेही होतो, म्हणून दूध उकळूनच प्या. पोट दुखणं, कधी जुलाब तर कधी शौचाला न होणं, पोटात गोळा लागणं, पोटात पाणी भरून ते फुगणं, बारीक ताप, वजन उतरणं, ही त्याची लक्षणं. आतडं आवळत गेलं तर एके दिवशी पोट फुगून उलट्या सुरू होतात आणि ऑपरेशनची वेळ येते. तिथपर्यंत जाऊ द्यायचं नाही.

मग बेडक्यात का सापडत नाही? कारण जंतू पोटात आहे, बेडक्यात नाही. काहींना छातीतही असतो, म्हणून बेडका आणि छातीचा फोटो करायचाच. पण तिथे नाही सापडला म्हणून पोटात नाही, असं होत नाही. दुसरं कारण, पोटाच्या टीबीत जंतू मुळातच थोडे असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसायला एका मिलीलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू लागतात. तेवढे तिथे नसतात.

इथे नवीन मशीन कामाला येतं. सरकारी दवाखान्यात त्याला सीबीनॅट म्हणतात. दुसरं ट्रूनॅट, ते गोव्यात तयार होतं, बॅटरीवरही चालतं, म्हणून लहान दवाखान्यातही ठेवता येतं. ही मशीन जंतू डोळ्याने बघत नाहीत, जंतूच्या जनुकाचा तुकडा शोधतात. असं समजा, नागलीच्या राशीत वरईचे दोन दाणे पडलेत. डोळ्याने शोधून सापडणार नाहीत. पण एका दाण्याचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ असे फक्त वरईचेच दाणे वाढवत नेले तर शेवटी वरईची रासच दिसेल. मशीन जंतूच्या जनुकाचं असंच करतं. सीबीनॅटला मिलीलिटरमध्ये सव्वाशे-दीडशे जंतू असले तरी पुरतात. उत्तर दोन तासांत. जंतू वाढवून बघायच्या जुन्या तपासणीला सहा-आठ आठवडे जातात. शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही, तेही मशीन सांगतं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट आहे.

पण मशीनला खायला योग्य तो नमुना पाहिजे. पोटात पाणी भरलं असेल तर सुईने ते पाणी काढतात. गळ्याला किंवा काखेत गाठ असेल तर गाठीतून घेतात. आतड्याचा रोग असेल तर दुर्बीण घालून आतड्याचा छोटा तुकडा काढतात, आणि ती दुर्बीण तालुक्याला नसते, जिल्ह्याला किंवा शहरात जावं लागतं. पोटाचे नमुने जास्त करून सीबीनॅटवर पाठवतात.

आता लक्ष देऊन वाचा, वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा. काढलेला तुकडा दोन बाटल्यांत पाहिजे. एक बाटली फॉर्मॅलिनची, ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायला जाते. दुसरी साध्या सलाईनची, म्हणजे मिठाच्या पाण्याची, ती मशीनसाठी. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकले की मशीनच्या तपासणीला काही उरत नाही, आणि फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो म्हणून वाढवूनही बघता येत नाही.

आपल्याच एका पाड्यावरच्या ताईच्या बाबतीत हेच झालं. नाव देत नाही, तिनेच नको सांगितलं. वीटभट्टीवर असताना दुखणं सुरू झालं. भट्टीजवळच्या डॉक्टरने सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, शेठकडून घेतलेली उचल वाढत गेली. गावी आल्यावर बेडका तपासला, काही नाही. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घातली, तुकडे काढले, सगळे एकाच बाटलीत. रिपोर्टमध्ये लिहून आलं की टीबी असू शकतो, क्रोहन नावाचा दुसरा रोगही असू शकतो, पुढची तपासणी करावी. पुढची तपासणी कशावर करणार? तुकडा तर संपला. पुन्हा तारीख, पुन्हा उपाशी पोटी जुलाबाचं औषध, पुन्हा दुर्बीण. या वेळी कार्यकर्ता सोबत होता, त्याने दुसरी बाटली मागितली. मशीनने त्याच दिवशी टीबी सांगितला. आज तिचं औषध पूर्ण झालंय आणि ती शेतावर आहे, पण मधले चार महिने आणि शेठचं कर्ज कोण भरून देणार?

क्रोहनचं नाव आलं म्हणून सांगतो. हा रोग आणि आतड्याचा टीबी दुर्बिणीतून सारखेच दिसतात. क्रोहनला जे स्टिरॉइड देतात ते अंगाची ताकद दाबतं, आणि आत टीबी असेल तर तो भडकतो. म्हणून स्टिरॉइड सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी झाली का, एवढं डॉक्टरांना विचारा. विचारायला लाजायचं नाही.

दुसरी फसगत निगेटिव्ह रिपोर्टची. मशीनने 'आहे' म्हटलं तर जवळपास नक्की आहे. 'नाही' म्हटलं तर नक्की नाही, असं धरू नका. पोटातल्या पाण्यात तर जंतू इतके कमी की मशीनही पुष्कळदा चुकतं. आपल्याला हे नवं नाही. उपविभागीय समितीने दावा फेटाळला म्हणून जमीन गेली असं आपण मानतो का? साठ दिवसांत अपील करतो. तसंच इथे. मशीन 'नाही' म्हणालं तर तुकड्याचा रिपोर्ट, सोनोग्राफी, लक्षणं हे सगळं मिळून डॉक्टरांनी ठरवायचं असतं, आणि गरज पडली तर पुन्हा नमुना घ्यायचा.

खाजगी लॅबवाले रक्तातून टीबी सांगतो म्हणतात. रक्तातली अँटिबॉडी बघून टीबी ठरवायच्या तपासण्यांवर सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. त्याला पैसे देऊ नका. भगताकडे जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही, जाणारे जातीलच. पण तिथे महिना घालवू नका.

औषध साधारण सहा महिन्यांचं, सरकारी दवाखान्यात फुकट. निक्षयमध्ये नाव चढलं की आहारासाठी महिन्याला १,००० रुपये बँकेत यायला हवेत (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते), आणि आदिवासी भागातल्या रुग्णाला प्रवासासाठी एकदा ७५० रुपये. भट्टीवर जायचं असेल तर निक्षयचा नंबर सोबत न्या, दुसऱ्या तालुक्यातही गोळ्या मिळतात. दिवाळीनंतर निम्मा पाडा रिकामा होतो आणि औषधं तिथेच तुटतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

आमचं म्हणणं एवढंच की माणसाने हिंडायचं आणि नमुन्याने जागेवर बसायचं, हे उलटं आहे. सुईने पाणी काढणं ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतं. ती बाटली मशीनपर्यंत न्यायची सोय टीबी कार्यक्रमात आहे. मग दुखणेकऱ्याला दोन एसट्या बदलून का पाठवतात? दाव्याची पोच घेतल्याशिवाय आपण कचेरीतून उठत नाही. तपासणीच्या फॉर्मचा नंबरही तसाच मागून घ्या. आणि पाड्यापासून दवाखानाच लांब असेल तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून वाचा. दवाखान्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. 'जंगल खात्याची जागा आहे' हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव घ्या, सही-अंगठे घेऊन एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला द्या, एकीवर पोच घ्या:

"आमच्या गावातील ज्या रुग्णास दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप, पोटदुखी व वजन घटणे असेल, त्याची बेडक्याची तपासणी निगेटिव्ह आली तरी पोटाच्या टीबीसाठी पुढील तपासणी करावी. काढलेल्या तुकड्याचा एक भाग सलाईनमध्ये ठेवून सीबीनॅटला पाठवावा. नमुना नेण्याची जबाबदारी आरोग्य विभागाची राहील. रिपोर्टची प्रत रुग्णास लेखी द्यावी."