आधी ढिलाई कुठे आहे ते शोधा



मागील अंकातील पत्रात जुन्या मारुती ८०० चे स्टिअरिंग सैल वाटू लागले की 'अलाइनमेंट करा, नाहीतर रॅकचा नट आवळा' असा सल्ला आहे. तो मला घातक वाटतो. अलाइनमेंटने चाकांचे कोन सुधारतात, झिजलेला सांधा नाही. आणि रॅक सर्वाधिक झिजतो तो मधोमध, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. तिथला खेळ काढायला नट आवळला की वळणावर स्टिअरिंग जड होते आणि आपोआप सरळ होत नाही. घाटात हे जिवावर बेतेल.

तपासणीला दोन माणसे पुरतात. चाके जमिनीवर असताना एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे बोटभर हलवत राहावे, दुसऱ्याने वाकून टाय रॉड एंडवर हात ठेवावा. सांधा गेला असेल तर हाताला टकटक लागते. रॅकचे बुश आणि कॉलमचा जोडही असाच पाहावा. मग गाडी जॅकवर उचलून, खाली घोडी लावूनच, चाक वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष बेअरिंगचा; राहिला तर बहुधा खालच्या बॉल जॉइंटचा. या जॉइंटचे रबर फाटलेले दिसले तर वाट पाहू नका. तो निसटला की चाक आडवे होते.

टायरमधली हवा मात्र सगळ्यांत आधी बघावी. अलाइनमेंट जरूर करा, पण सांधे बदलून झाल्यावर.

— एक वाचक, सातारा