रूपकाच्या पडद्याआडची रुक्मिणी

आपल्या समीक्षेत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. भक्तिकाव्यातील शृंगार हा लौकिक नव्हेच, ते जीव-शिवाच्या मीलनाचे रूपक होय, असे ते वाक्य. उत्तरपत्रिका, प्रबंध, प्रवचने अशा सर्व ठिकाणी ते इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की त्याला काही प्रमाण द्यावे लागते याचाही विसर पडावा. आमचे म्हणणे असे, की हे वाक्य प्रेम आणि भक्ती यांच्यातील झगडा सोडवत नाही. तो झाकून ठेवते. आणि झाकता झाकता कविताही झाकली जाते.

आपल्या पूर्वसूरींना हा झगडा नीट ठाऊक होता. चौदाव्या शतकाच्या आरंभी भास्करभट्ट बोरीकर यांनी ‘शिशुपाळवध’ रचला. नाव वधाचे, पण कवीचे मन रमले ते कृष्ण-रुक्मिणीच्या शृंगारात. महानुभाव परंपरा सांगते, की पंथातल्याच एका जाणत्याने ग्रंथाची थोरवी मान्य केली आणि तरीही हे काव्य निवृत्तिमार्गीयाच्या उपयोगाचे नाही, असा अभिप्राय दिला. भास्करभट्टांनी तो मनावर घेतला आणि भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ लिहिली.

या अभिप्रायातील प्रामाणिकपणा पाहण्याजोगा आहे. त्या जाणत्याला ‘हे सारे रूपक आहे’ असे म्हणून कवीची सुटका करता आली असती. त्याने तसे केले नाही. नायक प्रत्यक्ष कृष्ण असला तरी शृंगार हा शृंगारच असतो आणि वाचणाऱ्याच्या मनात तो आपले काम करतोच, हे त्याने ओळखले. आम्हांला त्याचा निष्कर्ष मान्य नाही. पण त्याने कविता वाचली होती, एवढे मात्र निश्चित. शिवाय पंथाने पहिला ग्रंथ टाकून दिला नाही. ‘शिशुपाळवध’ आणि ‘उद्धवगीता’ हे दोन्ही आज ‘साती ग्रंथां’त मांडीला मांडी लावून बसले आहेत. झगडा तसाच जिवंत ठेवण्याचे हे औदार्य आपल्या समीक्षेला का साधू नये?

आता रुक्मिणीकडे वळू. भागवतातील रुक्मिणी ही विदर्भाची राजकन्या. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला देऊ पाहतो. ती एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप धाडते आणि आपले हरण कसे, कोठे करावे हेही सुचवते. घरच्यांनी ठरवलेला वर नाकारून आपला वर आपण निवडणारी ही मुलगी आहे. ‘ती म्हणजे जीव’ असे फळ्यावर लिहिताच काय होते? तिचे धाडस, तिची भीती, भावाशी असलेले तिचे वैर, सारे पुसले जाते. जीवाला भाऊ नसतो; त्याला घरातून पळावे लागत नाही. समोरच्या बाकांवर बसलेल्या मुलींना त्या कथेत स्वतःचे काही सापडण्याची जी शक्यता होती, ती आपण मास्तरमंडळी एका पारिभाषिक शब्दाने संपवून टाकतो.

कोणी म्हणेल, एकनाथांनीच हा अर्थ दिला आहे. खरे आहे. १५७१ मध्ये काशीत पूर्ण झालेल्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त नाथ विवाहाला आध्यात्मिक अर्थ जोडतात. पण त्या ग्रंथाचे पुढे काय झाले? विवाह जुळावा म्हणून मुलींनी त्याचे पारायण करावे, अशी प्रथा महाराष्ट्रात रुजली. ज्या ग्रंथात पंडितांना केवळ मोक्ष दिसला, त्याच्याकडे या वाचकांनी नवरा मागितला. त्यांना अज्ञानी ठरवणे सोपे आहे. आमच्या मते त्यांनी ग्रंथाची लौकिक बाजू जिवंत ठेवली आणि भक्तीही सोडली नाही.

मुळात रूपकाला दोन बाजू लागतात. मानवी प्रेम क्षुद्रच असेल, तर भक्तीला त्याची उपमा द्यावीच कशाला? ज्ञानदेव विरहिणीच्या तोंडून बोलतात, कारण त्या विरहाची आच त्यांना मोलाची वाटते. उपमान पोकळ ठरवले की उपमेयही पोकळ होते, हे अलंकारशास्त्राच्या पहिल्या तासालाच कळायला हवे.

भक्ती म्हणजे दडपलेला काम, असे सांगणाऱ्या आधुनिकांनीही यावर फार खूश होऊ नये. तेही तराजूचे एकच पारडे ठेवतात, फक्त दुसऱ्या बाजूचे. भागवतात गोपी कामाने, कंस भयाने आणि शिशुपाल द्वेषाने ईश्वरापर्यंत पोहोचल्याचे सांगितले आहे. तेथे काम हा काम म्हणूनच गणला आहे आणि ईश्वरही ईश्वर म्हणूनच. दोहोंपैकी एकालाही खोटे ठरवण्याची गरज त्या ग्रंथाला वाटली नाही.

तेव्हा वर्गात ‘रूपक’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी रुक्मिणीला तिचा निरोप पूर्ण सांगू द्यावा, एवढीच आमची मागणी आहे. अध्यात्म त्यानंतरही शिल्लक राहील; ते तेवढे लेचेपेचे नाही.